बिअर्डेड ड्रॅगनचं 'कंप्लीट किट': सात महिन्यांनी त्यातलं फक्त पाण्याचं भांडं वापरात आहे

आधी स्टार देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. जनावराला, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन नावाच्या पाळीव सरड्याला, पाचपैकी चार. काउंटरवरच्या पोराला तीन, कारण त्याला माहिती कमी असली तरी जनावर उचलताना हात हलका आहे त्याचा. आणि 'कंप्लीट सेटअप किट' नावाचं जे प्रकरण माझ्या गळ्यात मारलं त्याला एक, तोही पाण्याच्या भांड्यापुरता. दुकानाचं नाव लिहीत नाही. पश्चिम उपनगरातलं नेहमीसारखं दुकान, बाहेर माशांच्या टाक्या, आत लव्हबर्ड्सचा कलकलाट, आणि शिडी चढून पोटमाळ्यावर गेलं की सरपटणारी मंडळी. नंतर दोन-तीन ठिकाणी डोकावलो तर हेच किट वेगवेगळ्या खोक्यांत दिसलं, त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाचा कमी आणि किटचाच जास्त समजा.

तर झालं असं की पोरगी पाचवीत, दोन वर्षं कुत्रा मागतेय, आमचा मुलुंडचा वन बीएचके, दोघं नोकरीला, आई घरी पण गुडघे दुखतात, कुत्र्याला दिवसातून तीनदा खाली कोण नेणार. मांजर म्हटलं तर बायकोला शिंका. शेवटी व्हिडिओ बघून बघून पोरीने हा सरडा काढला. मला पण आवडला खोटं कशाला बोलू. वास नाही, आवाज नाही, हातावर शांत बसतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या भागातला सरडा, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स, मोठा झाला की शेपटीसकट दीड ते दोन फूट, नीट सांभाळला तर १० वर्षं आरामात आणि कधी त्याहून जास्त जगतो. राग आला किंवा घाबरला की गळ्याखालचे काटे फुगवून दाढी काळी करतो म्हणून नाव बिअर्डेड. पाळायला मिळतात ते पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, ऑस्ट्रेलिया तिकडचे जंगलातले प्राणी विकायला बाहेर जाऊ देत नाही.

आईचं म्हणणं वेगळं होतं. "सरडाच पाळायचा तर चोवीस हजार कशाला, गावाला कुंपणावर बसलेले असतात की." आता तिला काय सांगणार, सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते आणि माझी धाव ईएमआयपर्यंत.

जनावर २४,०००. किट ९,५००. पोराने सांगितलं की "साहेब सगळं आहे यात, घरी जायचं, प्लग लावायचा, सोडायचं." बिल मागितल्यावर जरा चुळबुळ झाली पण मी हटलो नाही आणि तुम्ही पण हटू नका, बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या. परदेशी प्राण्यांपैकी जे सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत त्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि यादी शास्त्रीय नावावरच चालते, 'ड्रॅगन' म्हणून शोधलंत तर काही सापडणार नाही. दुकानाला सुद्धा २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाचं रजिस्ट्रेशन लागतं, ते भिंतीवर आहे का बघा. आणि कोणी हळूच "स्टार कासव पण आहे आतमध्ये" असं म्हणालं तर तिथूनच परत फिरा. आपल्याकडचं स्टार कासव, हिरवा पोपट, घोरपड, यातलं काहीही घरी ठेवणं सरळ गुन्हा आहे.

जनावराबद्दल आधी बोलतो कारण तिथे तक्रार कमी आहे. डोळे टपोरे, पोट भरलेलं, हातात घेतल्यावर चारही पाय घट्ट रोवून मान वर. पण शेपटीचं टोक तुटलेलं. पोरगा म्हणाला "येतं परत, पालीसारखं." तर मंडळी, नाही येत. पालीची शेपटी परत येते, या सरड्याची येत नाही, तुटली ती तुटली. पिल्लं एका टाकीत दाटीने ठेवली की एकमेकांच्या शेपट्या आणि बोटं चावतात, त्याचा हा पुरावा होता. वय सांगितलं तीन महिने. घरी पट्टीने मोजला तर साडेचौदा सेंटिमीटर. तीन महिन्यांचं पिल्लू साधारण यापेक्षा बरंच मोठं असतं, हा फार तर दीड-दोन महिन्यांचा. इतकं लहान घेऊच नये, किमान १५ ते २० सेंटिमीटरचं आणि आपल्यासमोर खाणारं पिल्लू बघून घ्यावं. समोर खायला घालायला लावा. लाजायचं नाही, आपण हापूस घेताना पेटीतला खालचा थर बघतोच ना.

नाव ठेवलं आप्पा. कारण दगडावर चढून पोट टेकवून एक हात पुढे टाकून डोळे अर्धे मिटून बसला की आमच्या जुन्या चाळीतले रिटायर झालेले आप्पाच वाटतात.

आता किट. एकेक वस्तू घेतो पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण काही नुसत्याच बिनकामाच्या आहेत आणि एक खरोखर जिवावर बेतणारी आहे.

काचेची टाकी दोन फुटाची. पिल्लाला दोन-तीन महिने पुरते, पुढे नाही. मोठ्याला कमीत कमी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच लागते. का, तर एका टोकाला वाळवंट आणि दुसऱ्या टोकाला सावली असं दोन्ही पाहिजे. हा प्राणी अंगात पुरेशी उष्णता तयार करत नाही, गरम व्हायचं तर इकडे येतो, गार व्हायचं तर तिकडे जातो. दोन फुटाच्या टाकीत बल्ब लावला की सगळी टाकीच भट्टी होते, जायचं कुठे त्याने? किटसोबत जे काटेवालं स्टिकर थर्मामीटर आहे ते काचेला चिकटवायचं, ते काचेचं तापमान सांगतं. माझं सात महिने झाले, ३० वर अडकलंय. मे महिन्यात पण ३० आणि एसी लावला तरी ३०.

हीट रॉक म्हणजे आतून गरम होणारा खोटा दगड. प्लग लावला. वीस मिनिटांनी हात ठेवला आणि झटक्यात काढला. यांना पोटाखालचा चटका लवकर कळत नाही, बसून राहतात आणि भाजतात. पहिल्याच दिवशी बाद. आई म्हणाली यावर पापड भाजता येतील.

लाल नाईट बल्ब. रात्री गरम राहायला म्हणे. अरे भाई, आपण मुंबईत राहतो. रात्री २० डिग्रीपर्यंत उतरलं तरी मोठ्या निरोगी प्राण्याला चालतं, आणि आमच्या घरात जानेवारीत पहाटे पण २२ च्या खाली काटा गेला नाही. मुळात यांना रंग आपल्यापेक्षा चांगले दिसतात, लाल उजेडात त्यांची रात्र होतच नाही, झोप मोडते. ज्या वस्तूची थंड देशात पण गरज कमी ती मुंबईच्या उकाड्यात विकायची, याला सेल्समनशिप म्हणतात.

कॅल्शियम सॅंड. दोन किलो पांढरी वाळू, पाकिटावर हसरा सरडा. पोरगा म्हणाला "चाटेल, कॅल्शियम मिळेल, हाडं मजबूत." हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मी आणखी एक पाकीट घेतलं, ३५० रुपये. वाळू पोटात गेली की पिल्लाच्या आतड्यात ती घट्ट बसू शकते, शी बंद, आणि मग डॉक्टर. मी पाच दिवसांत काढून टाकली आणि खाली किचन टॉवेल अंथरला. आता मोठ्या पेटीत कडप्प्याचे तुकडे आहेत, ओट्याचं काम करणाऱ्याकडून कट करून आणले, तासाभरात छान तापतात, नखं आपोआप घासली जातात आणि पुसायला सोपे. तो वाळूचा दुसरा पुडा आईने तुळशीत टाकलाय.

आणि आता खरा मुद्दा, यूव्ही बल्ब.

किटमध्ये एक पिळाचा छोटा बल्ब होता, आपले जुने सीएफएल असायचे तसा, खोक्यावर मोठ्या अक्षरात यूव्हीबी लिहिलेलं. लावला, पांढरा लख्ख उजेड पडला, आम्ही खूश. आप्पा खात होते, हिंडत होते. तिसऱ्या आठवड्यात पोरगी म्हणाली बाबा याचं बोट थरथरतंय. मला वाटलं मोबाईलसारखं व्हायब्रेट होतोय म्हणून हसण्यावारी नेलं, ते मला अजून लागतं. दोन दिवसांनी मागचा पाय पण. मग बसायला लागला तर कोपर टेकवून, अंग उचलेना.

परदेशी प्राणी बघणारे डॉक्टर मुंबईत आहेत पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, अपॉइंटमेंट शनिवारची मिळाली. डबा घेऊन रिक्षात बसलो, रिक्षावाल्याने विचारलं डब्यात काय, मी म्हटलं औषध. आईस्क्रीमच्या कपात शी पण नेली होती, नेताना ताजी न्या, त्यात जंत बघतात आणि दुकानातून आणलेल्या बऱ्याच पिल्लांना असतातच, आमच्या आप्पांना पण निघाले. पण गंमत म्हणजे डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय खातो हा विचारलाच नाही. म्हणाले "लाईटचा फोटो दाखवा." फोटो बघितला आणि मान हलवली. एक्स-रे काढला तर हाडं जिथे पांढरी ठसठशीत दिसायला पाहिजेत तिथे धुरकट. हाडं मऊ पडायला लागली होती.

त्याचं गणित असं आहे, मला डॉक्टरांनी सांगितलं तसं सांगतो. हा प्राणी दिवसभर ऑस्ट्रेलियाच्या उन्हात बसणारा. उन्हातला जो यूव्हीबी भाग आहे त्याने कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होतं, डी३ असेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं, नसेल तर कितीही खायला घाला ते तसंच बाहेर. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांमधून काढायला लागतं. बोटं थरथरणं ही पहिली घंटा, मग जबडा रबरासारखा, पाय वाकडे, पाठीला पोक. झालेला वाकडेपणा पुढे सरळ होत नाही. आमचं लवकर कळलं म्हणून निभावलं, कॅल्शियमचं सिरप सहा आठवडे तोंडात थेंब थेंब, आणि बल्ब त्याच दिवशी बदला असं सांगितलं.

तो पिळाचा बल्ब उजेड देत होता. ऊन देत नव्हता. आपल्या डोळ्यांना यूव्हीबी दिसतच नाही ना, त्यामुळे फसवणूक दिसत पण नाही. सरडे पाळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे यूव्ही इंडेक्स मोजायचं मीटर आहे, त्याने घरी येऊन दाखवलं. बल्बला अगदी नाक लावलं तर आकडा चढायचा आणि एक वीत खाली आलं की जवळजवळ शून्य. त्यात किटच्या झाकणाला बारीक जाळी, ती पण तिसरा हिस्सा सहज खाते. म्हणजे आप्पांच्या पाठीपर्यंत काय पोचत होतं तर दुकानदाराच्या शुभेच्छा.

आई म्हणाली मग टाकी खिडकीत ठेव की, आपलं ऊन काय कमी आहे. मला पण वाटलं होतं. तर काचेतून यूव्हीबी येत नाही, काच अडवते. उलट उन्हात ठेवलेली काचेची टाकी काही मिनिटांत इतकी तापते की आतला जीव जाऊ शकतो. हे कृपा करून कोणी करू नका. हातात घेऊन सकाळच्या कोवळ्या उन्हात पंधरा-वीस मिनिटं बाल्कनीत बसलात तर चांगलंच, पण पट्टा लावून. आमच्या समोरच्या नारळावर कावळ्यांची सभा असते आणि वर घारी, त्यांनी पहिल्याच दिवशी आप्पांना मेनूकार्डासारखं न्याहाळलं.

मग घेतली टी५ ची, म्हणजे बारीक जाडीची, लांब ट्यूब. आर्केडिया कंपनीची १२ टक्के यूव्हीबीवाली, सोबत चमकदार रिफ्लेक्टरवाली पट्टी, ऑनलाईन मागवली, पट्टीसकट ८,२०० पडले. झू मेडची रेप्टिसन १०.० ची टी५ पण चालते म्हणतात. पेटीच्या लांबीच्या निदान अर्ध्या भागावर उजेड पाडेल एवढी लांब घ्या, आणि बसायच्या दगडापासून कंपनीने सांगितलेल्या अंतरावर लावा, माझी मध्ये जाळी न ठेवता ४० सेंटिमीटरवर आहे. तेच मीटर तिच्याखाली धरलं तर आप्पांच्या पाठीजवळ ४ च्या वर. दिवसाला १२ तास. आणि ट्यूब पेटती दिसली तरी वर्षभरात यूव्हीबी विझत जातो म्हणून तिच्यावर मार्करने तारीख लिहून ठेवलीय, बायको म्हणते गॅस सिलेंडरची पण अशी लिहीत जा.

या ट्यूबला माझ्याकडून पाचपैकी पाच, दहा असते तर दहा. तीन आठवड्यांत थरथर थांबली. दीड महिन्यात चारही पायांवर अंग उचलून धावायला लागला आणि जी भूक लागली ती अजून चालूच आहे. मी म्हणेन की जनावर घेण्याआधी ट्यूब घ्या, महिनाभर पेटवून ठेवा रिकाम्या पेटीत हवं तर, पण आधी ती घ्या.

उष्णतेचा दिवा वेगळा. बसायच्या दगडाचा वरचा भाग ४० डिग्रीच्या आसपास पाहिजे, थंड टोक २५ ते २९. त्यासाठी गरम होणारा साधा हॅलोजन फ्लड लॅम्प लागतो. तो शोधायला लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेलो. जाईन तिथे एलईडी पुढे करतात. मी म्हटलं "अहो, मला गरम होणारा पाहिजे." तर एक काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "पंचवीस वर्षं धंदा करतोय, लोक थंड मागतात." शेवटी आतल्या खोक्यातून ७५ वॉटचे दोन काढून दिले, सोबत चिनीमातीचं होल्डर, कारण प्लास्टिकचं होल्डर वितळतं आणि किटमध्ये प्लास्टिकचंच होतं. तिथून चालत लॅमिंग्टन रोडला, डिजिटल थर्मोस्टॅट घेतला एसटीसी १००० नावाचा, जोडायला वायरमनच बोलवा, त्यात २३० व्होल्ट उघडे असतात, स्वतः शहाणपणा नको. पृष्ठभागाचं तापमान बघायला कपाळावर धरायचं कोविडचं यंत्र चालत नाही, ते माणसाच्या अंगाच्याच तापमानासाठी असतं. वेगळी इन्फ्रारेड गन घ्या.

पेटी सुताराकडून करून घेतली. ओशिवऱ्याला फर्निचरच्या गल्लीत चौकशी केली तर त्यांनी आधी टीव्ही युनिटचा भाव सांगितला, मग चपलांच्या कपाटाचा, सरडा म्हटल्यावर दुकानातले सगळे गोळा झाले. शेवटी आमच्याच बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या सुताराने मरीन प्लायची चार बाय दोन बाय दोन केली, पुढे सरकत्या काचा, ११,००० रुपये. एकच सांगतो, हवेला भोकं भरपूर ठेवा, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर. आमच्या सुताराने आधी दोनच ठेवली होती, म्हणाला गरमी बाहेर जाईल. गरमीची चिंता मुंबईत करायची नसते. दमटपणाची करायची.

आणि हा विषय किटच्या कागदावर एका ओळीत पण नाही. या प्राण्याला हवा लागते कोरडी, ३० ते ४० टक्के आर्द्रता. आपल्याकडे जुलैमध्ये ८५, कपाटातल्या बेल्टला बुरशी येते, पापड मऊ पडतात, मिठाचं पाणी होतं. ओल आणि गारवा एकत्र आला की यांच्या छातीत इन्फेक्शन होतं, तोंड उघडं टाकून श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज. (दगडावर बसून तोंड उघडं ठेवणं वेगळं हं, ते गरम झाल्यावर नॉर्मल आहे, सावलीत येऊन पण उघडं असेल तर पळा.) मी पावसाळ्यात पेटीत दोन डिजिटल मीटर ठेवून आठ दिवस वहीत आकडे लिहिले. दिवसा दिवा चालू असताना गरम टोकाला ४५ ते ५० दाखवायचं, बाहेर ८५ असताना सुद्धा, कारण तीच हवा तापली की तिची ओल धरायची ताकद वाढते आणि टक्का उतरतो. घोळ रात्रीचा. दिवा बंद झाला की दोन तासांत आत पण ८०. म्हणून जून ते सप्टेंबर रात्री त्या खोलीत हवेतली ओल खेचणारा डीह्युमिडिफायर लावतो, नसेल तर एसीचा ड्राय मोड पण चालतो, मात्र पेटीवर थेट झोत नको. पाण्याचं भांडं, हो तेच, किटमधलं, थंड टोकाला, आणि पावसाळ्यात संध्याकाळी काढून ठेवतो. पाणी नाकावर थेंब टाकला की चाटतो. व्हिडिओत बघून रोज आंघोळ घालायचं खूळ पोरीला होतं ते पावसाळ्यापुरतं बंद केलं.

विजेचं विचाराल तर ७५ वॉटचा दिवा आणि ५४ वॉटची ट्यूब १२ तास, म्हणजे रोजचं दीड युनिट, महिन्याला साधारण ४६. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद करतो म्हणून थोडं कमीच. डीह्युमिडिफायरचं बिल वेगळं रडा.

खाण्याचं सांगतो. पिल्लाला किडे जास्त आणि पाला कमी, मोठा झाला की उलटं, ८० टक्के पाला. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. दुकानातून दर वेळी मीलवर्म नावाच्या अळ्या देतात कारण त्या स्वस्त आणि टिकतात, पण पिल्लाला त्यांचं कवच पचायला जड. डुबिया झुरळं चांगली. हो, झुरळं. आईला सांगितलं तेव्हा ती दहा मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "पेस्ट कंट्रोलवाल्याला वर्षाला दोन हजार देतो आपण." म्हणजे एका हाताने झुरळं मारायला पैसे आणि दुसऱ्या हाताने झुरळं आणायला पैसे. डुबिया गुळगुळीत भिंत चढत नाहीत, तरी डब्याच्या झाकणावर मी दोन विटा ठेवल्या आहेत, घरातली शांतता म्हणून. घरात सापडलेलं झुरळ मात्र कधी द्यायचं नाही, त्याच्या पोटात पेस्ट कंट्रोलचं विषारी जेल असू शकतं. आणि गावाला गेलात की काजवे पकडून बिलकुल घालू नका, एक काजवा पण जीव घेऊ शकतो.

पाला मंडईतलाच. शेवग्याचा पाला आप्पांना प्रचंड आवडतो आणि कॅल्शियम भरपूर, आमची भाजीवाली शेंगांबरोबर फुकट देते. लाल भोपळा किसून, दुधी, जास्वंदीची फुलं अन् पानं, तुतीची पानं मिळाली तर उत्तम. पालक, माठ, चाकवत रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं, अळू तर अजिबात नाही. अव्होकाडो विषारी. सगळं मिठाच्या पाण्यात भिजवून मग साध्या पाण्याने खळखळून धुवा, फवारणीचा भरवसा नाही. किड्यांवर डी३ नसलेली कॅल्शियम पावडर आठवड्यातून चार-पाच वेळा, मल्टिव्हिटॅमिन एकदा, भुरभुरवायची, पिठलं करायचं नाही. आणि आप्पांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो यांच्यात, पोरीला ही एकच गोष्ट ओरडून सांगावी लागते.

दुसरा सरडा सोबतीला घ्या असं पण पोराने सुचवलं होतं, एकट्याला बोअर होतं म्हणे, जोडीवर डिस्काउंट. नका घेऊ. एकावर एक चढून बसतात ते प्रेम नसतं, वरचा खालच्याचा उजेड हिसकावत असतो.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी शेपटी उचलून बघितलं आणि म्हणाले आप्पा बाई आहेत. नाव बदलायला पोरगी तयार नाही. मादी नर नसताना पण अंडी घालू शकते, तेव्हा उकरायला ओलसर मातीचा डबा द्यावा लागतो, नाहीतर अंडी अडकतात, तो डबा आतापासून आणून ठेवलाय. हे सुद्धा दुकानात कोणी बोललं नाही, पण इथे मी त्यांना दोष देत नाही, दीड महिन्याच्या पिल्लात नर-मादी कळत नाही.

परवा त्याच दुकानात गेलो होतो, हीट रॉक आणि लाल बल्ब पिशवीत घालून, दोन्ही जवळजवळ नवेच. सगळं सांगितलं, एक्स-रेचा फोटो दाखवला. मालक नव्हते. पोराने एक्स-रे मोठा करून बराच वेळ बघितला, ट्यूबचं नाव विचारून एका पावतीच्या मागे लिहून घेतलं, म्हणून त्याला दोनाचे तीन स्टार झाले. पैसे परत मिळणार नाहीत म्हणाला, बदली वस्तू घ्या. मी भाव केला. हीट रॉक आणि लाल बल्बच्या बदल्यात सुपरवर्म अळ्यांचे दोन डबे मिळाले, आणि वर १२० रुपये मलाच द्यावे लागले.